एसी सारखा बंद-चालू होतोय? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

एसी थोडा वेळ चालतो, बाहेरचं युनिट ‘टक’ करून थांबतं, काही मिनिटांनी परत घरघरतं आणि पुन्हा थांबतं. खोली धड गार होत नाही, बिल मात्र वाढतं. मेकॅनिकला फोन केला की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ कधी ते खरंही असतं. पण या एका लक्षणामागे मळलेल्या फिल्टरपासून पडलेल्या व्होल्टेजपर्यंत बरीच कारणं असू शकतात, आणि त्यातली कितीतरी एकही स्क्रू न काढता घरच्या घरी ओळखता येतात. घरात पहिल्यांदाच एसी घेतलेल्यांसाठी आणि भाड्याच्या फ्लॅटसोबत जुना एसी वाट्याला आलेल्यांसाठी हा लेख आहे.

गोव्यात या बिघाडाकडे दुर्लक्ष करू नये, याला खास कारण आहे. एसी हवा गार करतो तशी ती सुकवतोही. आतल्या युनिटमधल्या गार कॉइलवर (पातळ पाती लावलेल्या पाईपच्या जाळीवर) हवेतलं बाष्प जमतं, त्याचं पाणी होतं आणि नळीवाटे बाहेर जातं. कॉइल पुरती गार होऊन तिच्यावरून पाणी ओघळू लागायलाच काही मिनिटं जातात. कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबून फिरवणारा पंप, त्याआधीच थांबला तर इनडोअरचा पंखा कॉइलवरचं तेच पाणी सुकवून परत खोलीत सोडतो. मग खोली गार असूनही अंग चिकट राहतं, चादर दमट लागते आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशीचा पांढुरका थर दिसायला लागतो. शिवाय साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. तासात अनेकदा तसं झालं तर बिल वाढतंच, कॉम्प्रेसरचं आयुष्यही कमी होतं. एसीतला सगळ्यात महाग भाग तोच.

आधी बघा, हा बिघाड आहे का

साध्या एसीचा कॉम्प्रेसर थांबणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. रिमोटवर २५ लावलंत आणि खोली २५ ला पोचली की तो थांबणार, खोली पुन्हा तापली की सुरू होणार. एका खेपेला दहा-पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त चालतोय, मध्ये काही मिनिटं थांबतोय आणि खोलीत बरं वाटतंय, तर एसीला हात लावू नका. मे महिन्यातल्या भर दुपारी तो तासभर थांबलाच नाही, किंवा चवथीला खोलीत दहा माणसं आणि दार सताड उघडं असताना अखंड चालत राहिला, तरी तो बिघाड नव्हे.

इन्व्हर्टर एसीचं वेगळं असतं. तो थांबण्याऐवजी वेग कमी करतो, त्यामुळे बाहेरचं युनिट कधी मोठ्याने तर कधी अगदी हळू ऐकू येतं. तेही ठीकच. तो दर दोन-चार मिनिटांनी पुरता थांबत असेल तर मात्र काहीतरी चुकतंय.

पहिली पायरी: घड्याळ आणि कान

या पायरीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण पुढचा निम्मा शोध इथेच लागतो. दुपारच्या वेळी एसी लावा, दार-खिडक्या बंद करा आणि अर्धा-पाऊण तास वही-पेन घेऊन बसा. बाहेरचं युनिट कधी सुरू झालं, कधी थांबलं, ते लिहून ठेवा. बाल्कनीत जाऊन नेमकं काय थांबतं तेही बघा: फक्त कॉम्प्रेसरचा घुमणारा आवाज, की बाहेरचा पंखासुद्धा? आणि त्या वेळी आतल्या युनिटवरचे आकडे किंवा दिवे चालू आहेत का?

दिव्यांसकट सगळंच बंद होत असेल तर एसीला सोडा, विजेकडे बघा: प्लग, सॉकेट, स्टॅबिलायझर, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डवरचा स्विच).

आतला पंखा वारा देतोय, पण बाहेरचं युनिट काही मिनिटांत थांबतं आणि साधारण तीन मिनिटांनी परत सुरू होतं, असं असेल तर एसीचं कंट्रोलच कॉम्प्रेसरला थांबवतंय. हा तीन मिनिटांचा थांबा मुद्दाम ठेवलेला असतो. गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा झाल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू केला तर तो अडकतो. अशा वेळी संशय सेन्सर, रिमोटची सेटिंग किंवा आतल्या कॉइलवरचा बर्फ यांच्यावर घ्यायचा.

बाहेरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर गप्प झालाय आणि वीस-तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ उठतच नाही, तर कॉम्प्रेसर तापून त्याचा ओव्हरलोड प्रोटेक्टर (फार तापलं की वीज तोडणारा स्विच) सुटलाय. कॉम्प्रेसर निवल्याशिवाय तो परत जुळत नाही. तापण्याची मुख्य कारणं तीन: बाहेरच्या युनिटला हवा न मिळणं, व्होल्टेज कमी असणं आणि गॅस गळणं.

बाहेरून काही सेकंद नुसता ‘हं...’ असा आवाज येतो, मग ‘टक’, मग शांतता, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, असं होत असेल तर कॉम्प्रेसरला उठताच येत नाही. साध्या एसीत याचा दोष बहुधा कॅपॅसिटरचा (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा विजेचा भाग) किंवा व्होल्टेजचा असतो. अशा वेळी एसी बंद करा. पुन्हा पुन्हा लावून बघितलंत तर कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळू शकतं.

आतल्या किंवा बाहेरच्या युनिटवर दिवा लुकलुकत असेल, तर तो किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा, किंवा मोबाईलवर व्हिडिओ काढा. तो एरर कोड असतो. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, त्याचा अर्थ एसीसोबत आलेल्या पुस्तिकेत मिळतो.

दुसरी पायरी: रिमोट

मोड कुठला आहे ते बघा. ‘ड्राय’ मोडमध्ये कॉम्प्रेसर थोडा चालून थोडा थांबतो, तो तसाच चालायचा असतो. पावसाळ्यात कोणीतरी ड्रायवर टाकतं, ऑक्टोबरच्या उकाड्यात तो तसाच राहतो आणि एसी बिघडला म्हणून फोन जातो. ‘ऑटो’ मोडमध्येही एसी स्वतःच्या मनाने तापमान ठरवतो. तपासणीपुरता ‘कूल’ मोड, पंखा मध्यम किंवा जोरात, आणि तापमान खोलीपेक्षा बरंच कमी, साधारण २० ठेवा. टायमर आणि स्लीप बंद करा. (एसी चालू केल्यावर २४ दिसलं तर ती कोणाची खोडी नव्हे. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींचं सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं सरकारने बंधनकारक केलं आहे.)

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बऱ्याच रिमोटवर ‘आय फील’ किंवा ‘फॉलो मी’ नावाचं बटण असतं. ते दाबलं गेलं की एसी स्वतःचा सेन्सर सोडून रिमोटमधल्या सेन्सरवर चालतो. मग रिमोट एसीच्या थेट झोतात, टेबलावर पडलेला असला तर त्याच्या भोवती गार झालं की एसीला सगळी खोली गार झाल्यासारखी वाटते आणि तो थांबतो.

तिसरी पायरी: फिल्टर आणि बर्फ

एमसीबी बंद करा, इनडोअरचं पुढचं झाकण वर करा आणि जाळीचे दोन फिल्टर काढून उजेडापुढे धरा. पलीकडचं स्पष्ट दिसत नसेल तर हवाही नीट जात नाही. नळाखाली, धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने पाणी सोडून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. दमट फिल्टर बसवला तर दोन दिवसांत कुबट वास येतो. एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावा. डिचोली-सांग्याकडे लाल धूळ असते, वास्कोत खिडकीच्या कठड्यावर काळी पूड बसते. अशा ठिकाणी आठवड्याने धुतला तरी तो जास्त नाही.

फिल्टर काढलेलाच आहे तर मागची कॉइल टॉर्च मारून बघा. पत्र्याच्या बारीक पात्यांमध्ये राखाडी थर साचला असेल तर फिल्टर धुऊन भागणार नाही, पंपाने सर्व्हिसिंग करून घ्यावं लागेल. कॉइलवर पांढरा बर्फ दिसला तर तो ओरबाडू नका, पाती वाकतात. एमसीबी चालू करून एसी ‘फॅन’ मोडवर ठेवा आणि तास-दोन तास बर्फ वितळू द्या. खाली एखादं फडकं अंथरा.

बर्फ धरला म्हणजे गॅस कमी, हे अर्धंच खरं. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही, तरी ती गोठते. मग कॉइलचा सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो, बर्फ थोडा वितळला की परत सुरू करतो, आणि तुम्हाला बाहेरून दिसते ती हीच चालू-बंद. म्हणून क्रम असा ठेवा: बर्फ वितळवा, फिल्टर धुवा, पंखा जोरात ठेवून पुन्हा चालवा. आता बर्फ धरला नाही तर तुमचा खर्च पाण्यापुरताच झाला. स्वच्छ फिल्टर आणि स्वच्छ कॉइल असूनही परत धरला, तर मात्र गॅसचा संशय घ्या. त्याची एक खूण बाहेरच्या युनिटपाशी दिसते. तिथे दोन तांब्याच्या पाईप जोडलेल्या असतात, एक बारीक आणि एक जाड. घरगुती स्प्लिट एसी वीस मिनिटं चालल्यावर बारीक पाईपच्या नटावर दहिवरासारखा पांढरा थर आणि जाड पाईप मात्र कोरडी, कोमट, असं दिसलं तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच नटापाशी तेलकट डाग असेल तर गळतीची जागाही बहुधा सापडली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते.

चौथी पायरी: बाहेरचं युनिट

खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याचं काम या युनिटचं. त्याला मोकळी हवा मिळाली नाही तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि सुटतो. दुपारी सुटतो पण पहाटे नीट चालतो, अशी तऱ्हा असेल तर आधी इकडेच बघा.

आपल्याकडे मे संपता संपता पावसाची तयारी म्हणून बाल्कनी आणि ओसरी प्लास्टिकने किंवा माडाच्या चुडतांनी झाकतात. त्या आडोशात आउटडोअर युनिटही झाकलं जातं आणि दिवाळीपर्यंत तसंच राहतं. हे युनिट पावसात भिजण्यासाठीच बनवलेलं असतं, त्याला पांघरूण लागत नाही. पंख्यासमोर किमान दोन-तीन फूट मोकळी जागा हवी, मागे वीतभर तरी. चोरीच्या भीतीने बसवलेला लोखंडी पिंजरा चालेल, पण त्यावर मनी प्लांट चढवू नका आणि आत जुनी भांडी, झाडू ठेवू नका. नव्या इमारतींत सगळ्या मजल्यांची युनिटं एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगतात. तिथे खालच्यांची गरम हवा वरच्याला मिळते, म्हणून वरच्या मजल्यावरचा एसी आधी ट्रिप होतो. याला सर्व्हिसिंग हे उत्तर नव्हे. युनिट दुसरीकडे हलवावं लागतं.

मिरामार, दोनापावला, कळंगुट, बोगमाळो, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत खारं वारं कॉइल खातं. युनिटच्या मागच्या बाजूने कॉइलवर हलकं बोट फिरवून बघा. अ‍ॅल्युमिनियमची पाती पांढऱ्या भुकटीसारखी झडत असतील तर ती कॉइल उष्णता नीट टाकू शकत नाही, आणि ती धुऊन सुधारत नाही. पाती शाबूत असतील तर दर महिन्याला, एमसीबी बंद करून, मागच्या बाजूने गोड्या पाण्याचा साधा पाईप मारून मीठ उतरवा. प्रेशर पंप जवळून मारू नका. तारा आणि सर्किट असलेल्या, पंख्याच्या बाजूने पाहिलं तर उजवीकडच्या पेटीकडे पाणी जाऊ देऊ नका.

त्या पेटीचं झाकण घरी उघडू नका. आतल्या कॅपॅसिटरमध्ये एमसीबी बंद केल्यावरही वीज साठून राहते आणि जोरदार झटका बसू शकतो. मेकॅनिक आला की त्याला तिथे टॉर्च मारून बघायला सांगा. मुंग्यांनी केलेलं घर, रिलेच्या (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) पत्र्यांमध्ये अडकून मेलेली पाल, हिरवी पडलेली कनेक्शनं, असं काहीबाही तिथे सापडतं आणि एसी अधूनमधून बंद पडायला तेवढं पुरतं.

पाचवी पायरी: व्होल्टेज

घरात २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. उन्हाळ्यात संध्याकाळी वाड्यावरचे सगळे एसी एकदम लागले की, विशेषतः लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत, आकडा खाली येतो. स्टॅबिलायझरवर आकडे असतील तर एसी बंद असताना किती आणि कॉम्प्रेसर उठताना किती, हे दोन्ही लिहून ठेवा. उठण्याच्या क्षणी आकडा धाडकन पडत असेल आणि पंखा-दिवेही मंदावत असतील तर लाईन, वायरिंग किंवा कुठलंतरी ढिलं कनेक्शन तपासायला हवं. स्टॅबिलायझर त्याच्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की एसीचा पुरवठा तोडतो आणि थांबून परत जोडतो. मग दोष स्टॅबिलायझर ज्यापासून वाचवतोय त्या विजेचा असतो. पण जुन्या स्टॅबिलायझरचे रिलेही झिजतात, म्हणून एकदा इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून खात्री करून घ्या.

प्लगही बघा. एसी अर्धा तास चालल्यावर बंद करा, एमसीबी पाडा आणि प्लग काढून त्याला हात लावा. चटका बसण्याइतका गरम, पिवळट-काळा पडलेला किंवा जळका वास येणारा प्लग-सॉकेट लगेच बदला, तोवर एसी लावू नका. एक्स्टेंशन बोर्डवर एसी चालवायचाच नाही. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर जास्त अँपिअरचा एमसीबी टाकून ‘सोडवणारा’ माणूस घरात घेऊ नका. त्याने वायर जळते, आग लागू शकते.

सेन्सर

हे थोडक्यात. आतल्या युनिटमध्ये दोन छोटे सेन्सर असतात: एक खोलीच्या हवेचा, फिल्टरच्या मागे, आणि दुसरा कॉइलच्या पाईपमध्ये खोचलेला. सर्व्हिसिंग करताना हवेचा सेन्सर जागेवरून सुटून गार कॉइलला टेकला तर एसीला खोली गार झाल्याचा भास होतो. त्रास सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाला असेल तर हेच आधी बघायला सांगा. सेन्सर खराब असला तरी तो स्वस्तात बदलता येतो, त्यासाठी अख्खं सर्किट बदलायची गरज नसते.

मेकॅनिक आल्यावर

तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळा त्याला दाखवा. चांगला मेकॅनिक त्या वाचूनच कुठे हात घालायचा ते ठरवतो. कॅपॅसिटर बदलायचा म्हणाला तर जुना मीटरवर मोजून दाखवायला सांगा: त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि मीटरवरचा आकडा यात बराच फरक हवा.

गॅसचं मात्र नीट बोलून घ्या, कारण लोकांचे पैसे इथेच जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद पाईपमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला म्हणजे गळला. त्यामुळे “गॅस भरू का?” याला उत्तर एकच: “आधी लीक कुठे आहे ते दाखवा.” नटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं ही सोपी चाचणी. तिथे सापडलं नाही तर नायट्रोजनचा दाब भरून तपासतात. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून पाईपमधली हवा आणि बाष्प काढायलाच हवं. गोव्याच्या दमट हवेत ही पायरी गाळली तर आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या (गॅस ज्यातून जातो त्या केसासारख्या नळीच्या) बारीक तोंडाशी गोठतो, वाट अडते, वितळला की सुटते, आणि तुम्ही परत त्याच चालू-बंदवर येता. मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या नेमप्लेटवर लिहिलेलं असतं, आणि कुठला गॅस तेही. जुन्या एसीत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, आताच्या बऱ्याच एसीत आर-३२ आणि काहींत आर-२९० असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. म्हणून गॅस आत असताना पाईपवर बर्नर लावू देऊ नका. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, देवापुढचा दिवाही तेवढ्यापुरता शांत करा.

काम झाल्यावर एसी निदान अर्धा तास चालवून बघा, मगच पैसे द्या.

सगळं ठीक असूनही थांबतोय

फिल्टर स्वच्छ, व्होल्टेज बरोबर, गॅस पुरा, सेन्सर जागेवर, आणि तरीही एसी चार-पाच मिनिटांत खोली गार करून थांबतो, तर तो त्या खोलीला मोठा आहे. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खेचण्याची ताकद. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या, चिऱ्याच्या जाड भिंतींच्या सावलीतल्या खोलीला एक टन बहुधा पुरतो. तिथे ‘पटकन गार होईल’ म्हणून दीड किंवा दोन टनाचा साधा एसी लावला की तो हवा गार करतो, पण ती सुकेपर्यंत चालतच नाही. आहे तोच वापरायचा असेल तर पंखा हळू ठेवा, म्हणजे हवा कॉइलपाशी जास्त वेळ राहते आणि ओलावा जास्त निघतो. फक्त कॉइलवर बर्फ धरत नाही ना, यावर लक्ष ठेवा. पावसाळ्यात त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. खोलीला लागून हॉल असेल तर मधलं दार उघडं ठेवून दोन्हीकडे एसी पुरतो का, तेही एकदा करून बघा.

नवीन घेताना छत बघून माप ठरवा. वर स्लॅब आणि पश्चिमेचं ऊन असेल तर अर्धा टन जास्त लागतो, वरती दुसरा मजला असेल तर नाही. शक्यतो इन्व्हर्टर घ्या, तो भार कमी झाला की स्वतःच वेग उतरवतो. कॉइल दोन्हीकडची तांब्याची आणि आउटडोअरच्या पात्यांवर गंजरोधक लेप असलेली बघा. कॉइल पुढे कधी गळली तर तांब्याची दुरुस्त करणारा माणूस फोंड्यात, म्हापशात कुठेही मिळतो, अ‍ॅल्युमिनियमची मात्र बहुतेक वेळा अख्खीच बदलावी लागते.